तीन एचपीची श्रोती

मोटर भरणं म्हणजे मोजणं. जळालेल्या मोटरीची काळी पडलेली तार उपटून काढायची, खाचा घासायच्या, त्यांत कागद बसवायचा आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे लाकडी फर्म्यावर गुंडाळायचे. चौसष्ट म्हणजे चौसष्ट. दोन-तीन कमी पडले तर मोटर तापते आणि दोन महिन्यांत पुन्हा जळते. दोन-तीन जास्त झाले तर ती फिरते, पण पाणी ओढण्यात तिचं मन लागत नाही. जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या बसथांब्यामागं पुंजारामनं १९८४ साली वाइंडिंगचं दुकान टाकलं, आणि त्याच्या मशीनचा आकडे दाखवणारा काटा पहिल्याच वर्षी बंद पडला. तेव्हापासून तो तोंडानं मोजायचा. गिऱ्हाइकाला हे ठाऊक असायचं. पुंजारामचे ओठ हलत असले की लोक दारातच उभे राहत, देवळात आरती संपायची वाट पाहावी तसे.

दुकानात रेडिओ होता, पण सिनेमाची गाणी त्यानं बंद केली होती. कारण संगीतविषयक नव्हतं. गाण्याला शब्द असतात, शब्द पाठ असतात, आणि एकदा एका गाजलेल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात तो एकोणचाळीसवरून थेट त्रेचाळीसवर गेला. ती मोटर रामकिसन नावाच्या शेतकऱ्याची होती. दीड महिन्यात ती जळून परत आली, तेव्हा पुंजारामनं तिच्यातले वेढे सोडून मोजले आणि सरळ सांगून टाकलं.

“तुझी चूक न्हाई, रामकिसन. माझी हाय. गाणं चालू होतं.”

“मंग माझी बायको पाण्यावाचून बसली ती गाण्यापायी?”

“हाव.”

खोटं बोलता येत नाही असा माणूस धंद्यात टिकत नाही, असं लोक म्हणतात. पुंजाराम टिकला. पंधरा-वीस गावांतून मोटरी त्याच्याकडंच येत, कारण जळालेली वस्तू कशानं जळाली हे खरं ऐकायला मिळेल अशी दुसरी जागा आसपास नव्हती.

मग दुकानात फक्त बातम्या आणि बाजारभाव. असं चाललं असताना १९८८च्या सुमारास एका बेस्तरवारी दुपारी तीन वाजता, बाजारभाव संपल्यावर रेडिओ बंद करायचा राहून गेला. हात तारेत गुंतलेले होते. एक बाई म्हणाल्या, “नमस्कार. हा ‘नवनाद’. इथं सिनेमातलं काही लागणार नाही, जुनं काही लागणार नाही. नांदेडच्या एका विद्यार्थ्यानं खोलीत बसून मेंडोलिनवर काहीतरी केलं आहे. चांगलं आहे की नाही, माझं ठरलेलं नाही. ऐका.”

पुंजारामनं ऐकलं. शब्द नव्हते. पाठ असायचा प्रश्न नव्हता. वेढे चौसष्टच्या चौसष्ट झाले. ऐकायला बरं आहे, असं त्याचं मत झालं; म्हणजे त्याला मोजायला बरं, असं म्हणायचं होतं.

त्या बाईंचं नाव सत्यशीला. शहरातल्या केंद्रावर त्यांना आठवड्यातून अर्धा तास दिला होता. तोही दुपारी तीनचा, जेव्हा शेतकरी शेतात, नोकरदार कचेरीत आणि उरलेले झोपेत असतात. या अर्ध्या तासात त्या जिल्ह्या-जिल्ह्यांतून टपालानं आलेल्या कॅसेटी लावत. कुणाचीही कंपनी नाही, कुणाचं नाव नाही, कुणाला बिदागी नाही. अंबडच्या एका माणसानं कोर्टातल्या आपल्या दाव्याच्या सगळ्या तारखा एकामागं एक गायल्या होत्या. एकवीस वर्षांच्या तारखा, शेवटी “पुढील तारीख” या दोन शब्दांवर तान. वसतिगृहातल्या चार मुलींनी नुसत्या टाळ्यांवर एक गाणं बसवलं होतं. प्रत्येक गोष्ट लावल्यावर सत्यशीला आपलं मत देत, आणि त्या मताची पुंजारामला गाण्याइतकीच सवय लागली. कारण त्या कधीच ‘सुमधुर’ म्हणत नसत. “दुसऱ्या कडव्यात गायक घाबरला आहे,” त्या म्हणत. “पण असं खरंखुरं घाबरणं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.” किंवा, “हे मला आवडलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा लावणार आहे. चूक माझीही असू शकते.”

जळालेल्या मोटरीबद्दल आपण जसं बोलतो, तसं कुणी गाण्याबद्दल बोलतं हे पुंजारामला माहीत नव्हतं.

वर्षभरात घात झाला. या संगीतातही त्याची मोजणी चुकायला लागली. बेस्तरवारी तीन ते साडेतीन त्यानं मशीन बंद ठेवायला सुरुवात केली. हात मांडीवर ठेवून तो बसायचा. आणि साडेतीन वाजता, रेडिओवर शेतीचं काहीतरी सुरू झालं की त्याला जे वाटायचं त्यासाठी त्याच्याकडं शब्द नव्हता. एवढंच कळायचं की आत्ता, या मिनिटाला, कुणीतरी दारातून यावं आणि म्हणावं, “ऐकलं का रे?”

तसं कुणी आलं नाही. त्यानं घरी प्रयत्न करून पाहिला. रेडिओ घेऊन गेला. त्याची बायको उषाबाई पाच मिनिटं शांत बसली, मग म्हणाली, “शेल संपले वाटतं याचे.” शेजारच्या पंक्चरवाल्या काकासाहेबाला त्यानं अंबडच्या तारखांचं गाणं ऐकवलं. काकासाहेबाचा स्वतःचा बांधाचा दावा चालू होता. तो अर्ध्यात उठून गेला आणि आठ दिवस बोलला नाही.

पाच वर्षं अशी गेली. १९९३च्या मार्चमध्ये सत्यशीला एका बेस्तरवारी म्हणाल्या, “आमच्याकडं गेल्या महिन्यात एकूण तीन पत्रं आली. त्यांतलं एक हा कार्यक्रम बंद करा म्हणून होतं. ते ऐकण्याचा आमच्या साहेबांचा विचार आहे. एप्रिलपर्यंत बघू.”

उरलेल्या दोनांतलं एक पुंजारामचं होतं. तो दर महिन्याला एक कार्ड टाकायचा. खाली एकच नाव असायचं, कारण ऐकणारा एकच होता.

टेंभुर्णीत रेडिओला पत्र लिहिण्याच्या कलेत एक माणूस पोचलेला होता : किराणावाले शिवनारायण. सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश ते वीस वर्षं पाठवत होते, आणि त्यांचं कार्ड कधी वाया गेलं नव्हतं. पुंजाराम त्यांच्या दुकानावर गेला.

“शेटजी, कार्ड कसं लिवावं की ते लोक मानतील?”

शिवनारायणनी त्याचं जुनं कार्ड पाहिलं आणि दुःखानं मान हलवली. “एक नाव? पुंजाराम, एका नावाला रेडिओवाला पुसतो का? बारात पाहिजे, बारात! माझ्या कार्डावर बघ : शिवनारायण, सुरजमल, प्रेमबाई, सुगनबाई, आणि समस्त परिवार. सुरजमलला वारून अकरा वर्षं झाली, पण रेडिओवाल्याला काय फरक पडतो? त्यालाही नाव वाचायला बरं, सुरजमललाही बरं.”

“माझ्याकडं इतकी नावं न्हाईत.”

“नावं मी काढतो. तू फक्त हो म्हण.”

दुसऱ्या दिवशी शिवनारायण पेन आणि एक मोठा कागद घेऊन वाइंडिंगच्या दुकानात आले. तेव्हा पुंजाराम अठ्ठावीसवर होता. बोलता येईना. तोंडानं एकोणतीस, तीस चालू ठेवून त्यानं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. उन्हाळ्याचा हंगाम, एकेचाळीस जळालेल्या मोटरी रांगेत पडलेल्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात तारेनं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी : मालकाचं नाव, गाव आणि मोटरीची ताकद, एचपीत. शिवनारायणनी खाली बसून एकेक चिठ्ठी उतरवून घेतली. पुंजाराम चौसष्टवर पोचला तेव्हा ते पाकिटाला डिंक लावून पोस्टात निघाले होते.

पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या बेस्तरवारी सत्यशीला म्हणाल्या, “टेंभुर्णीहून पत्र आलं आहे. एकेचाळीस श्रोत्यांचं. मी सगळी नावं वाचणार आहे, आणि आमच्या साहेबांनी ती ऐकावीत अशी विनंती आहे. रामकिसन, पाच एचपी. दुर्गाबाई, पाच एचपी. काकासाहेब, साडेसात एचपी...”

पुंजारामनं डोक्याला हात लावला.

“एचपी म्हणजे काय हे मला कुणी खात्रीनं सांगू शकलं नाही,” नावं संपल्यावर त्या म्हणाल्या. “संगीताच्या कुठल्यातरी परीक्षा असाव्यात. साडेसातवाले काकासाहेब हे मंडळाचे अध्यक्ष आहेत असं मी धरून चालते. तर अध्यक्षमहाराज, कार्यक्रम चालू राहतो आहे.”

पुंजाराम संध्याकाळी शिवनारायणकडं गेला. “शेटजी, एचपी कशाला लिवलं?”

“चिठ्ठीवर होतं ते लिहिलं. माल बराबर उतरवला. आपल्या मनाचं एक अक्षर घातलं न्हाई.”

आपलं नाव रेडिओवर आलं ही बातमी वीस गावांत रेडिओशिवायच पोचली. पुढच्या बेस्तरवारी अडीच वाजल्यापासून लोक यायला लागले. पुंजारामला पाच वर्षं हवं होतं ते घडलं : दुकान ऐकणाऱ्यांनी भरून गेलं. फक्त ते गाणं ऐकायला आले नव्हते, नाव ऐकायला आले होते. मेंडोलिन चालू असताना काकासाहेब अध्यक्ष या नात्यानं सगळ्यांना चहा सांगत होता. “हे किती वेळ चालायचं अजून? नावं कधी हाय?” असं दुर्गाबाईनं तीनदा विचारलं. रामकिसन म्हणत होता की काकासाहेबाला साडेसात आणि आपल्याला पाच, हे बरोबर दिसत नाही. पुंजारामला एक सूर ऐकू आला नाही.

त्या गर्दीत दाराशी एक बाई उकिडवी बसली होती. जाफराबादच्या पलीकडच्या एका गावची, नाव झुंबरबाई. नवरा शहागडला एका ढाब्यावर कामाला, सणाला घरी यायचा; शेत, विहीर आणि मोटर हिच्या अंगावर. बेस्तरवारी तिच्या गावाहून टेंभुर्णीला एक ट्रॅक्टर यायचा, त्यावर बसून ती आली होती.

“मला तीनच काहून?” तिनं विचारलं.

“मोटर तीनची हाय तुमची.”

“हां,” ती म्हणाली. “मंग बराबर हाय.”

नावं आली नाहीत. तिसऱ्या आठवड्यापर्यंत गर्दी निम्मी झाली, चौथ्याला काकासाहेब एकटाच आला आणि राजीनामा देऊन गेला. झुंबरबाई मात्र येत राहिली. तिची मोटर रांगेत बरीच मागं होती, विहिरीत पाणी नव्हतं, त्यामुळं घाई कुणालाच नव्हती.

पाचव्या बेस्तरवारी सत्यशीलांनी जालन्याच्या रोलिंग मिलमधल्या एका कामगाराची कॅसेट लावली. त्यानं कमीजास्त लांबीच्या लोखंडी सळया दोरीनं टांगल्या होत्या आणि त्या वाजवल्या होत्या. अकरा मिनिटं. मध्ये एका जागी तो थांबला, इतका वेळ की पुंजाराम रेडिओचं बटण तपासायला वाकला. मागून झुंबरबाई म्हणाली, “थांबा. हाय अजून.”

आणि होतं. एक सळई, अगदी हळू, मग दुसरी.

संपल्यावर सत्यशीला म्हणाल्या, “यावर मी काही बोलत नाही.” झुंबरबाईनं पुंजारामकडं पाहिलं. “परत लावा ना,” ती म्हणाली.

“रेडिओ हाय बाई. परत न्हाई लागत.”

“अगं माय,” ती म्हणाली, आणि पदर सावरून ट्रॅक्टरकडं गेली. एवढंच. पुंजाराम त्यानंतर साडेपाचपर्यंत काही न करता बसला होता, असं काकासाहेब सांगतो.

आणखी चार बेस्तरवार असे झाले. बोलणं फार होत नसे. “ते काल परवाचं बरं होतं यापेक्षा,” ती म्हणायची, म्हणजे मागच्या आठवड्याचं. तो “हाव” म्हणायचा, किंवा “न्हाई” म्हणायचा. मग रांगेत तिच्या मोटरीचा नंबर आला.

त्या सकाळी पुंजारामनं फर्मा मशीनला लावला आणि तार हातात घेऊन बराच वेळ थांबला. तिची मोटर एकदा नीट भरली की ती जाणार, आणि मग यायचं तिला कारण नाही. बाईमाणूस अकरा मैलांवरून रेडिओ ऐकायला येते, हे तिच्याही गावात चालणार नाही आणि उषाबाईच्याही घरात. मोटर जळाली तरच ती येईल. मोटर कशी जळते हे या पंचक्रोशीत त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तीन वेढे. प्रत्येक कॉइलला नुसते तीन वेढे कमी. दिवाळीला पाणी सुरू होईल, संक्रांतीपर्यंत मोटर परत. कुणाला कळणार नाही. व्होल्टेज कमी होतं म्हटलं की झालं, ते तर नेहमीच कमी असतं.

त्यानं मोजायला सुरुवात केली. साठला हात जड झाला. एकसष्टला थांबला. रस्त्यावरून एक बस गेली. मग त्यानं बासष्ट म्हटलं, त्रेसष्ट म्हटलं, चौसष्ट म्हटलं, आणि उरलेल्या सगळ्या कॉइली तशाच भरल्या. वर व्हार्निशचा एक हात जास्तीचा दिला, कागद दुप्पट जाड घातला. इतकी चांगली मोटर त्यानं आधी कधी भरली नव्हती. बहुधा स्वतःवरच्या रागानं.

झुंबरबाई मोटर घेऊन गेली. जाताना म्हणाली, “आता जळायची न्हाई ना?”

“न्हाई,” पुंजाराम म्हणाला. हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात खरं आणि सगळ्यात नकोसं विधान.

मोटर जळली नाही. १९९४च्या उन्हाळ्यात अर्ध्या तालुक्याच्या मोटरी आल्या, तिची आली नाही. पंच्याण्णवला डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर वीज पडली, एका दिवसात सतरा मोटरी आल्या. पुंजारामनं सगळ्या चिठ्ठ्या दोनदा वाचल्या. शहाण्णव, सत्त्याण्णव. मार्च लागला की तो जाफराबादकडून येणाऱ्या ट्रॅक्टरांकडं जरा जास्त वेळ पाहायचा. दुसऱ्याच्या मोटरीचं वाईट चिंतणं हे आपल्या धंद्यात पाप नाही, रोजचंच आहे, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. पण बाकीच्यांच्या बाबतीत त्याला ते चिंतावं लागत नसे.

बेस्तरवारी तीन वाजता तो ऐकत राहिला. सत्यशीलांचा आवाज जरा जाड झाला, कॅसेटींच्या जोडीला आता पोरांच्या चकचकीत तबकड्या येऊ लागल्या, त्यांत यंत्रावर केलेले ठोके असायचे. “हा ठोका कुणी वाजवत नाही,” त्या म्हणायच्या, “त्यामुळं तो चुकतही नाही. मला त्याची कीव येते.” पुंजाराम दाराकडं पाहायचा. दारात कुणी नसायचं.

२००० साली एका बेस्तरवारी सत्यशीलांनी आज शेवटचं, असं सांगितलं. रोलिंग मिलच्या त्याच कामगाराचं नवं काम लावलं. आता तो निवृत्त झाला होता आणि त्यानं सळयांसोबत हार्मोनियम घेतला होता. पुंजारामच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या बेस्तरवारी त्या वेळेला आरोग्यविषयक माहिती लागली. ती त्यानं पूर्ण ऐकली.

२००२च्या एप्रिलमध्ये झुंबरबाई आली. केस पांढरे झाले होते. ट्रॅक्टरवरून दोघांनी मोटर उतरवून दारात ठेवली.

“जळली,” ती म्हणाली. “नऊ वर्षं झाली बगा. पोरगं म्हणतंय भंगारात घाल, नवीन पाणबुडी मोटर आणू. मी म्हणलं, आधी इचारून येते.”

पुंजारामनं झाकण उघडलं. त्याला बघायची गरज नव्हती. आतले पत्रे चिकटून गेले होते, बेअरिंगची जागा झिजली होती. भरण्यात अर्थ नव्हता. पण तो झिजलेल्या जागेवरून बोट फिरवत राहिला.

“आज बेस्तरवार हाय,” शेवटी तो म्हणाला. “पण ते बंद झालं.”

“मला ठाव हाय. ऐकलं की मी शेवटचं.”

पुंजारामनं पक्कड खाली ठेवली. “कुठं?”

“कुठं म्हंजी? विहिरीवर. त्या साली गेल्ते ना इथून, तवाच पोराच्या बापाला सांगून रेडिओ मागवला. दर बेस्तरवारी मोटर बंद करून बसायची मी. मोटरीचा आवाज लई होतो. लाईन असायची, पाणी असायचं, सासू ओरडून राह्यली, मी आपली बंद करून बसलेली.”

सात वर्षं, पुंजारामच्या मनात आलं. सात वर्षांचे बेस्तरवार. तो आकडा त्यानं काढला नाही. मोजता आला असता.

“मंग ते शेवटचं,” तो हळूच म्हणाला. “लोखंडवाल्याचं. कसं वाटलं तुमाला?”

झुंबरबाईनं तोंड वाकडं केलं. “न्हाई आवडलं.”

“काय?”

“पेटी काहून घातली त्यानं? पहिलं कसं होतं, नुस्तं लोखंड. मधी थांबायचा. आता थांबायला गेला की पेटी भरून काढती. घाबरला तो.”

“घाबरला न्हाई!” पुंजाराम उठून उभाच राहिला. “अहो, ती पेटी त्याच्या मागं चालती, पुढं न्हाई. तुमी नीट ऐकलं न्हाई. मोटर चालू असंल.”

“मोटर बंद होती. तुमी इथं बसथांब्याला बसता, तुमाला काय ऐकू येतंय? बाईनं बी काय म्हणलं? ‘जुनं एकटं होतं, हे सोबतीचं आहे.’ म्हंजी तिला बी आवडलं न्हाई.”

“त्याचा अर्थ आवडलं असा हाय!”

“ऱ्हाऊ द्या.”

पुंजाराम खरोखरच चिडला होता. कानशिलं तापली होती. गावात बांधावरून भांडणारी माणसं त्यानं जन्मभर पाहिली होती, आणि त्यांना एवढा जोर कुठून येतो याचं त्याला नवल वाटायचं. काकासाहेब पंक्चरचा टब सोडून दाराशी येऊन उभा राहिला. मोटरीवरून भांडण झालं असं त्याला वाटलं आणि तो दोघांचीही समजूत काढू लागला. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही.

ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. झुंबरबाई उठली, पिशवी काखेत मारली. “सांगा मंग. भरायची का भंगारात?”

पुंजारामनं उघड्या मोटरीकडं पाहिलं. त्याच्याकडं या प्रश्नाला दोनच उत्तरं असत, होईल किंवा होणार नाही, आणि दोन्ही तो जागच्या जागी द्यायचा.

“बगू,” तो म्हणाला. “टाइम लागंल. येत्या बेस्तरवारी इचारा.”

“आणि त्या पेटीचं?”

“त्याचं बी तवाच,” पुंजाराम अजून रागातच म्हणाला. “तुमाला काय समजलंच न्हाई ते.”